एका ओळीतली तीन घड्याळे

राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या हवामान वेधशाळेच्या वहीत सकाळचे सात वाजतात, तेव्हा शेजारच्या नगर-मनमाड रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या मनगटावर साडेसात वाजून गेलेले असतात. दोन्ही घड्याळे बरोबर असतात.

देशभरातल्या कृषी-हवामान वेधशाळांत तापमान आणि आर्द्रतेची नोंद दिवसातून दोनदा, सात आणि चौदा वाजता घेण्याची पद्धत आहे. ही वेळ भारतीय प्रमाणवेळ नसते, ती त्या गावची स्थानिक सरासरी वेळ असते. कारण साधे आहे. पिकाला सूर्य कळतो, रेल्वेचे वेळापत्रक कळत नाही. गुजरातेतल्या आणि आसामातल्या शेताची तुलना करायची, तर दोन्हीकडे सूर्य साधारण सारखा वर आलेला असताना तापमापक वाचला पाहिजे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि राहुरी ७४.६५ अंशांच्या आसपास आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे राहुरीचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३१ मिनिटे मागे चालतो. वहीतले सात म्हणजे मोबाइलवरचे सात एकतीस.

त्याच वहीत पावसाचा रकाना आहे. तो मात्र सकाळी साडेआठला भरतात, आणि हे साडेआठ प्रमाणवेळेचे, सगळ्या देशाला एकच. आता त्याच शिवारात एखादे स्वयंचलित हवामान केंद्र असेल, तर अशी अनेक यंत्रे आपली नोंद यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक समन्वित वेळेत साठवतात. तिच्यात राहुरीचे साडेआठ म्हणजे तीन. कृषी अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी प्रबंधासाठी ही सगळी माहिती एका फाइलमध्ये आणतो तेव्हा एकाच ओळीत तीन घड्याळे शेजारी शेजारी बसतात, आणि रकान्याच्या डोक्यावर फक्त ‘वेळ’ असे लिहिलेले असते.

पायथन या संगणकीय भाषेत तारीख आणि वेळ हाताळायला शिकायचे, तर ते या ओळीपासून शिकावे. बहुतेक पाठ्यपुस्तके आजची तारीख छापून दाखवण्यापासून सुरुवात करतात. त्यातून भाषेची तोंडओळख होते, पण अडचण कुठे येते ते कळत नाही. अडचण भाषेत क्वचितच असते. ती वहीत लिहिणाऱ्याच्या मनात असलेल्या आणि कागदावर न उतरलेल्या गोष्टीत असते. हे साडेआठ कोणत्या घड्याळाचे, दिवस कधी सुरू झाला, आठवडा कुठून मोजला, हे प्रश्न विचारून घेतले की पायथन सुरेख काम करते. विचारले नाहीत तरी पायथन उत्तर देते, आणि धोका नेमका तिथे आहे.

डेटटाइम हे मॉड्यूल पायथनमध्ये आले २००३ साली, २.३ या आवृत्तीत. त्यात तारखेसाठी एक प्रकार, नुसत्या वेळेसाठी एक, दोन्ही मिळून एक, आणि दोन क्षणांमधल्या अंतरासाठी टाइमडेल्टा. वर्षे १ ते ९९९९. मांडणी एवढी नीटनेटकी, की वीस वर्षांत तिच्या मूळ ढाच्याला फारसा हात लावावा लागला नाही. तिच्या रचनाकारांनी वेळेचे दोन प्रकार पाडले. त्यांना मराठीत भोळी आणि जाणती म्हणता येईल. भोळी वेळ फक्त आकडे जाणते: १० जून २०२४, साडेआठ. जाणत्या वेळेला आपण कोणत्या टाइमझोनमधले आहोत हेही ठाऊक असते. भोळ्या वेळेतून जाणती वजा करायला गेले की पायथन साफ नकार देते आणि चूक दाखवून थांबते. नव्या विद्यार्थ्याला या नकाराचा राग येतो, पण डेटटाइममधली ही सर्वांत उपकारक गोष्ट आहे. वेगवेगळ्या घड्याळांचे आकडे एकमेकांतून वजा होऊ न देणारा हा एकमेव राखणदार आहे.

दोन भोळ्या वेळा एकमेकींतून वजा करताना मात्र तो राखणदार झोपलेला असतो. वेधशाळेचे सात आणि यंत्राचे तीन, दोन्ही भोळे ठेवले तर फरक चार तासांचा निघतो. खरा फरक एका तासाचाही नाही; तो आहे ५९ मिनिटांचा, सात एकतीसपासून साडेआठपर्यंतचा. आणि उत्तराचे चिन्ह पाहिले तर पायथनच्या मते पाऊस आधी मोजला, तापमान नंतर! असा फरक आलेखात बेमालूम मिसळून जातो. दुपारच्या तापमानाचे शिखर सकाळकडे सरकते, बाष्पीभवनाचे गणित बिघडते, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नजरेला ते खटकले तरच पकडले जाते.

याच भोळेपणामुळे ‘यूटीसी-नाऊ’ या जुन्या फंक्शनने वर्षानुवर्षे घोळ घातला. ते यूटीसीची वेळ देई, पण ती यूटीसीची आहे हे तिच्यावर लिहीत नसे. तिचे पुढे सेकंदांत रूपांतर केले की पायथन तिला लॅपटॉपची स्थानिक वेळ समजे आणि राहुरीत बसलेल्या माणसाचे साडेपाच तास उडून जात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीपासून हे फंक्शन वापरू नये असा इशारा भाषाच देऊ लागली. जुने धडे आणि जुने प्रोग्रॅम मात्र अजून फिरत आहेत, म्हणून हे आवर्जून सांगावे लागते.

टाइमझोनची कथा भारतीय विद्यार्थ्याला सोपी वाटते. साडेपाच तास मिळवा, झाले! उन्हाळी वेळेची भानगड इथे नाही. न्यू जर्सीत मुलगी असलेल्या आईबापांना मात्र ती चांगली माहीत असते: रात्री साडेआठचा फोन तिकडे हिवाळ्यात दहाला लागतो आणि मार्च ते नोव्हेंबर अकराला. परंतु भारताचाही इतिहास वाटतो तितका सपाट नाही. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईने ती सहजासहजी मानली नाही. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असणारा ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिला. दुसऱ्या महायुद्धात तर सगळ्या देशाचे घड्याळ एक तास पुढे केले होते. १९४१च्या ऑक्टोबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत, मधले काही महिने सोडले, तर भारत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होता.

ही सगळी बखर संगणकांसाठी एका जागी लिहून ठेवलेली आहे. अमेरिकेतल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात जगभरच्या घड्याळांचा हा संग्रह सुरू केला, आणि पुढे पॉल एगर्ट यांनी तो अनेक वर्षे सांभाळला. त्यात भारताचे नाव ‘एशिया/कोलकाता’ आहे. मुंबईची वेगळी नोंद नाही. १९४३ सालची तारीख दिली तर पायथन साडेसहा तासांचा फरक बरोबर सांगते; बॉम्बे टाइमबद्दल विचारले तर तिच्याकडे सांगायला काही नसते. १९५५च्या आधीचे मुंबईतले कागद संगणकावर आणताना हे अंतर माणसानेच भरून काढायचे आहे.

पायथनमध्ये हा संग्रह वापरण्यासाठी पूर्वी पायटीझेड नावाची लाइब्ररी होती. ती अजून पुष्कळांच्या प्रोग्रॅममध्ये आहे आणि तिच्यातला एक सापळा भारतात फार जणांना लागला. वेळ तयार करतानाच तिला कोलकात्याचा टाइमझोन थेट चिकटवला, तर फरक साडेपाच तासांचा न पडता पाच तास त्रेपन्न मिनिटांचा पडतो. कारण लाइब्ररी त्या गावाच्या इतिहासातली पहिली नोंद उचलते, आणि ती असते जुन्या कलकत्त्याची स्थानिक सरासरी वेळ. सगळ्या वेळा २३ मिनिटांनी चुकतात. राहुरीच्या दृष्टीने यात एक विलक्षण योग आहे. इथल्या वेधशाळेला खरोखरच स्थानिक सरासरी वेळ हवी आहे, पण ती कलकत्त्याची नको, राहुरीची हवी. राहुरीची वेळ यूटीसीच्या सुमारे चार तास एकोणसाठ मिनिटे पुढे आहे. ती कुठल्याच संग्रहात सापडणार नाही; ठरावीक फरकाचा टाइमझोन स्वतः बांधून तिला नाव द्यावे लागते. डेटटाइममध्ये हे एका ओळीचे काम आहे.

२०२० साली पायथन ३.९ मध्ये झोनइन्फो हे मॉड्यूल आले, पॉल गॅन्सल यांच्या प्रस्तावातून, आणि तो सापळा संपला. आता टाइमझोन थेट चिकटवला तरी साडेपाचच येतात. विंडोजच्या लॅपटॉपवर एवढेच लक्षात ठेवायचे, की तिथे घड्याळांचा संग्रह पायथनला आयता मिळत नाही. टीझेडडेटा नावाचे पॅकेज वेगळे बसवावे लागते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पहिल्याच तासाला अडकणारे पुष्कळजण इथे अडकतात.

घड्याळांनंतर दिवस. दिवस रात्री बारा वाजता बदलतो, असे पायथन धरून चालते. पावसाचा दिवस तसा बदलत नाही. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा आदल्या चोवीस तासांचा असतो आणि तो मोजल्याच्या तारखेवर लिहिला जातो. मृगाच्या पहिल्या रात्री, ७ जूनला अकरा वाजता वळवासारखा दणकून पाऊस झाला, तर गावात सगळे म्हणतील सात तारखेला पाऊस पडला. वहीत तो आठ तारखेला दिसेल. स्वयंचलित यंत्राच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी मध्यरात्रीच्या हिशोबाने दिवसवार गोळा केल्या आणि त्या वहीशी पडताळून पाहिल्या, की पावसाचे दिवस जुळत नाहीत. विद्यार्थी यंत्राला दोष देतो. उपाय मात्र छोटा आहे: प्रत्येक नोंदीच्या भारतीय प्रमाणवेळेत साडेपंधरा तास मिळवायचे आणि मग तारीख काढायची. साडेआठनंतरची प्रत्येक नोंद आपोआप दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जाते. नेमक्या साडेआठच्या ठोक्यावरची नोंद कुठे घालायची, हे आधी ठरवून लिहून ठेवायला हवे.

दिवस मोजण्यातही दोन रीती आहेत, आणि मराठी घराला दोन्ही माहीत आहेत. मूल १ तारखेला जन्मले तर बारसे १२ तारखेला होते, कारण जन्माचा दिवस पहिला धरतात. पायथनमध्ये १ तारखेत बारा दिवस मिळवले की १३ तारीख येते. बाजरी २० जूनला पेरली आणि १० सप्टेंबरला काढली, तर वजाबाकी ८२ दिवस सांगते. दोन्ही टोकांचे दिवस धरणारा शेतकरी ८३ म्हणेल. कोणीच चुकलेले नाही. पण पिकाच्या वयावर पाण्याची गरज ठरते. विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठी तयार केलेली ‘फुले जल’ आणि ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ ही मोबाइल अॅप्स याच क्षेत्रातली: हवेची बाष्पीभवनाची ओढ किती, पीक कोणत्या अवस्थेत, म्हणून पाणी केव्हा आणि किती. असल्या गणितात पेरणीचा दिवस शून्य की एक, हे सगळीकडे एकसारखे असले पाहिजे. शिवाय सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेच्या सूत्रात वर्षातला कितवा दिवस हा आकडा लागतो. १ मार्च एरवी साठावा दिवस असतो, लीप वर्षात एकसष्टावा.

आता आठवडा. राहुरीतल्या कुणाही कृषी विद्यार्थ्याला ‘तेविसावा हवामान सप्ताह’ म्हटले की कळते: ४ ते १० जून, पेरणीच्या तयारीचे दिवस. भारतीय कृषी-हवामानशास्त्रात वर्षाचे ५२ मानक सप्ताह ठरलेले आहेत. पहिला १ जानेवारीला सुरू होतो, मग वार कोणताही असो. ५२ साते ३६४ होतात, म्हणून उरलेला एक दिवस शेवटच्या सप्ताहात घालून तो आठ दिवसांचा केला आहे, २४ ते ३१ डिसेंबर. लीप वर्षातला जादा दिवस नवव्या सप्ताहात जिरवतात, २६ फेब्रुवारी ते ४ मार्च. या रचनेमुळे तेविसावा सप्ताह दरवर्षी त्याच तारखांना येतो आणि तीस-चाळीस वर्षांचा पाऊस सप्ताहवार शेजारी मांडता येतो. पेरणीच्या शिफारशी, दुष्काळाची शक्यता, पावसाच्या खंडाचा अभ्यास, सगळे या सप्ताहांवर उभे आहे.

पायथनला तारीख देऊन आठवडा विचारला तर ती आयसोकॅलेंडर नावाच्या फंक्शनने वेगळाच आठवडा सांगते. तो आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे. तो सोमवारी सुरू होतो, आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येईल तो पहिला आठवडा. कारखान्यांना आणि कचेऱ्यांना तो सोयीचा आहे. शेतीच्या अभ्यासाला तो घातक ठरतो, आणि घातक अशासाठी की तो बऱ्याचदा बरोबर येतो. १० जून २०२३ ला दोन्ही पद्धतींत तेविसावाच आठवडा होता. त्याच वर्षी ४ जूनला, रविवार असल्यामुळे, आयसोचा बाविसावा. १० जून २०२४ ला आयसोचा चोविसावा, मानक सप्ताह तेविसावाच. १ जानेवारी २०२१ ला तर आयसोच्या हिशोबात २०२० सालचाच त्रेपन्नावा आठवडा चालू होता. विद्यार्थी दोन-तीन तारखा तपासतो, जुळतात, पुढे जातो. आणि वर्षानुवर्षांच्या पावसाची सरासरी थोडी थोडी सांडत जाते.

मानक सप्ताह काढणारे फंक्शन पायथनच्या मूळ सामानात नाही. ते लिहिणे अवघड नाही. वर्षातला कितवा दिवस ते काढायचे. लीप वर्ष असेल आणि फेब्रुवारी उलटला असेल तर एक वजा करायचा. त्यातून आणखी एक वजा करून सातने भागायचे, बाकी सोडून द्यायची आणि एक मिळवायचा. उत्तर ५३ आले तर ५२ करायचे. चार-पाच ओळी. राज्यातल्या प्रत्येक कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत भिंतीवर मानक सप्ताहांचा तक्ता लावण्याइतकेच या ओळी हाताशी असणे गरजेचे आहे.

वहीतून संगणकावर येतानाचा उंबरठा हा वेगळा विषय आहे, आणि इथे सर्वांत जास्त नुकसान होते. ‘०१/०६/२०२२’ हे मराठी माणसासाठी १ जून आहे. अमेरिकी सवयीच्या प्रोग्रॅमला ते ६ जानेवारी वाटते. माहितीच्या विश्लेषणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पांडाज या लाइब्ररीच्या जुन्या आवृत्त्या प्रत्येक तारखेचा वेगळा अंदाज घेत. १३ तारखेपासून पुढे महिना १३ असूच शकत नाही, म्हणून त्या बरोबर वाचल्या जात; १ ते १२ तारखा मात्र उलटत. वर्षातल्या १३२ तारखा अशा बदलतात. जूनच्या पहिल्या तारखेचा पाऊस जानेवारीत पडतो, ९ जुलैचा ७ सप्टेंबरला. बेरीज तीच राहते, म्हणून वार्षिक पाऊस बरोबर येतो आणि शंका येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून पांडाज पहिल्या तारखेवरून साचा ठरवते आणि न जुळणारी तारीख आली की तक्रार करते. तरीही साचा स्वतः सांगावा: आधी दिवस, मग महिना, मग चार आकडी वर्ष.

चार आकडीच. दोन आकडी वर्षाबद्दल पायथनचा नियम असा, की ६९ ते ९९ हे विसाव्या शतकातले आणि ०० ते ६८ एकविसाव्यातले. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले आणि १९६९ साली इथे काम सुरू झाले. या दोन तारखा ‘६८’ आणि ‘६९’ अशा लिहून पायथनला दिल्या, तर विद्यापीठाचे काम सुरू होते १९६९ साली आणि स्थापना होते २०६८ साली. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांच्या जुन्या नोंदी टंकून घेणाऱ्याने ही सीमारेषा नेमकी आपल्या अंगणातून जाते, हे ध्यानात ठेवावे.

या उंबरठ्यावर एक सुखद गोष्टही आहे. देवनागरी अंक पायथनला कळतात. ‘१५’ हा मजकूर पूर्णांकात बदला म्हटले की ती मुकाट्याने पंधरा देते. मराठीत भरलेल्या वहीतली तारीख तिरक्या रेघांवर तोडून, तिन्ही तुकडे पूर्णांक करून, त्यांची तारीख बांधता येते. महिन्यांची मराठी नावे मात्र तिला शिकवावी लागतात. बारा शब्दांची एक यादी, आणि ‘सप्टें.’, ‘ऑगस्ट’, ‘ऑगष्ट’ अशी जी जी रूपे वहीत सापडतील ती सगळी.

शेतकऱ्याच्या रात्रीकडेही बघायला हवे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज कित्येकदा रात्री येते. पंप रात्री दहाला सुरू झाला, सकाळी सहाला बंद केला. नोंदवहीत फक्त ‘२२.००’ आणि ‘०६.००’. पायथनमध्ये नुसत्या वेळा एकमेकींतून वजा होत नाहीत, म्हणून विद्यार्थी त्यांना डेटटाइममध्ये वाचतो; तारीख दिलेली नसल्यामुळे दोन्हींना १ जानेवारी १९०० ही तारीख लागते. वजाबाकी येते उणे सोळा तास, पण छापून येते ‘उणे एक दिवस, आठ तास’. टाइमडेल्टातला सेकंदांचा भाग विचारला तर आठ तासांचे २८,८०० सेकंद मिळतात. उत्तर बरोबर, रस्ता चुकीचा. पुढे एखाद्या पाळीत पंप तीस तास चालला, की तोच भाग फक्त सहा तास सांगतो, कारण अख्खा दिवस वेगळ्या खिशात पडलेला असतो. पूर्ण कालावधी देणारे वेगळे फंक्शन आहे, ते वापरावे. आणि नोंदवहीत बंद करण्याची तारीखही लिहायला लावावी. मुळा धरणाचे आवर्तन सुटल्यावर कालव्याखालच्या पाळ्यांचा हिशोब लावतानाही हीच दक्षता उपयोगी पडते.

महिना हे माप टाइमडेल्टात नाहीच. दिवस आहेत, आठवडे आहेत, तास आहेत. महिने मुद्दाम वगळले आहेत, कारण महिन्याची लांबी ठरलेली नाही. ऊसपट्ट्यात याचा अर्थ लगेच कळतो. आडसाली उसाची लागण १५ जुलै २०२२ ची. अठरा महिन्यांनी तोड धरली, तर १५ जानेवारी २०२४. घाईत कोणी अठरा गुणिले तीस करून ५४० दिवस मिळवले, तर ६ जानेवारी येते. कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात नऊ दिवस म्हणजे पुष्कळ झाले. डेटयुटिल या लाइब्ररीतली रिलेटिव्हडेल्टा खरे महिने मोजते, पण तिचीही आपली रीत आहे. ३१ ऑगस्ट २०२३ मध्ये सहा महिने मिळवले की २९ फेब्रुवारी २०२४ येते. त्यातून सहा महिने वजा केले की २९ ऑगस्ट. परतीच्या वाटेवर दोन दिवस गळतात.

आणि वर्ष? २० जून २०२४ या एका तारखेचे वर्ष कोणते, ते विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५. जुलै ते जून चालणारे कृषी वर्ष २०२३-२४. ऑक्टोबरला सुरू होणारे साखर वर्षही २०२३-२४. जून ते मे असे जलवर्ष धरणाऱ्यासाठी पुन्हा २०२४-२५. धरणातला साठा, उसाचे गाळप आणि पीककर्ज एकाच तक्त्यात आणणाऱ्या अभ्यासकाला प्रत्येक रकान्याला त्याचे वर्ष स्वतंत्र लावून द्यावे लागते. पांडाजमध्ये वर्षअखेरीचा महिना सांगायची सोय आहे.

ज्या कालगणनेवर गावाचे मन चालते, ती पायथनच्या तारखेत नाही. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला आला, त्या वर्षी श्रावण अधिक होता. २०२४ मध्ये २ सप्टेंबरला. मधले अंतर ३५४ दिवसांचे, बारा चांद्रमासांचे. तिथी काढायची तर सूर्य आणि चंद्राची स्थाने मोजावी लागतात, त्यासाठी खगोलगणिताच्या वेगळ्या लाइब्ररी लागतात. पावसाची नक्षत्रे त्यामानाने सोपी, कारण ती सूर्याची. साधारण तेरा-चौदा दिवसांचे एक. पंचांगातून रोहिणीपासून हस्तापर्यंतच्या सुरुवातीच्या तारखांची सूची करून दिली, की कोणत्याही दिवसाचा पाऊस कोणत्या नक्षत्रात पडला हे पायथन सांगते. हे करून पाहण्यासारखे आहे. ‘यंदा आर्द्रा कोरड्या गेल्या’ असे आजोबा म्हणतात, तेव्हा ते वहीच्या आकड्यांत तपासून त्यांना दाखवता येते, आणि दोन्ही बाजूंना काहीतरी नवे कळते.

पुढच्या धड्यांतला पहिला सराव वेधशाळेच्या वहीतली एक ओळ घेऊनच आहे. मूळ मजकूर जसा लिहिला तसा एका रकान्यात ठेवायचा, तो कधी पुसायचा नाही. शेजारी घड्याळाचे नाव: राहुरी स्थानिक, भारतीय प्रमाण किंवा यूटीसी. त्यापुढे यूटीसीत आणलेली जाणती वेळ, पावसाची तारीख आणि मानक सप्ताह. शेवटचा सराव एका भावी तारखेचा आहे. जुन्या धाटणीची कित्येक यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या खान्यात मोजतात, आणि तो खाना १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसी ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. भारतात तेव्हा ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. वार मंगळवार, म्हणजे कृषी-हवामान सल्ला पत्रिका निघण्याच्या दोन वारांपैकी एक. त्या दिवशी मानक सप्ताह आणि आयसो आठवडा दोन्ही तिसरेच असतील, आणि राहुरीच्या वेधशाळेत साडेआठचा पाऊस मोजून चौदा मिनिटे झालेली असतील.